सबमशीनगन आणि बारीक गोळी: न घडलेला एक इतिहास

नमस्कार मंडळी. 'असं झालं असतं तर' या छापाचा इतिहास मला आवडतो, पण त्यात एक वाईट खोड असते. लोक एखादं भारी हत्यार पन्नास वर्षं आधी आणून ठेवतात आणि म्हणतात बघा, जग कसं बदललं. अरे पण ते आलं कुठून, मागितलं कोणी, पैसे कोणी दिले, गोळ्या कुठल्या कारखान्यात बनल्या? म्हणून आजचा प्रश्न मी जरा बांधून घेतलाय. सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या भराभर मारणारी हातातली बंदूक, पहिल्यापासून बारीक कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी) का झाली नाही, आणि व्हायचीच असती तर वळण नेमकं कुठे लागलं असतं. पी-९०, ती आजची बारीक गोळीची बेल्जियन सबमशीनगन, उचलून १९१८ च्या खंदकात टाकायची नाही. पॉलिमरचं मॅगझिन, आजची पावडर, यातलं काही मिळणार नाही, त्या काळात जे होतं त्यातूनच भागवायचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सबमशीनगनला तिच्यासाठी म्हणून बनवलेलं काडतूस सुरुवातीची कित्येक वर्षं मिळालंच नाही. पिस्तुलासाठी जे आधीच पडलं होतं तेच तिच्या गळ्यात मारलं गेलं, आणि पिस्तुलाचं कॅलिबर ज्यांनी ठरवलं त्यांच्या डोळ्यापुढे एकच गोळी मारणारा अधिकारी किंवा घोडेस्वार होता. सेकंदाला आठ-दहा गोळ्या टाकणारं हत्यार तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे हा इतिहास बदलायचा तर १९१८ ला हात लावून उपयोग नाही, १९०४ च्या आसपास जावं लागतं.

तर १९०४. दोन गोष्टी एकाच वर्षी होतात. जॉर्ज लुगरचं पिस्तूल मुळात ७.६५ मिलिमीटरचं होतं, बॉटलनेक काडतूस, म्हणजे मागे जाड आणि पुढे मान आवळलेली. स्विस सैन्याने ते १९०० मध्येच घेतलं. जर्मनांना मात्र गोळी जाड हवी होती, मग लुगरने काय केलं, तीच केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) घेऊन मान उघडली आणि त्यात ९ मिलिमीटरची गोळी बसवली. केसचा बूड तोच राहिला. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये हे ९ बाय १९ (मिलिमीटरमध्ये गोळीची जाडी आणि केसची लांबी) घेतलं आणि १९०८ मध्ये लष्कराने. म्हणजे आज जगात जे सगळ्यात जास्त चालतं ते काडतूस एका बारीक काडतुसाला फाकवून बनलंय. बारीक आधी, जाड नंतर. लोकांना वाटतं उलटं झालं.

त्याच वर्षी अमेरिकेत लुई लागार्ड नावाचा लष्करी डॉक्टर आणि दारूगोळा खात्याचा एक कॅप्टन शिकागोच्या कत्तलखान्यात वेगवेगळ्या पिस्तुलांच्या चाचण्या घेत होते, जिवंत गुरांवर आणि दुसरीकडे मृतदेहांवर. फिलिपाइन्समध्ये .३८ चं (हे आकडे इंचाचे, .४५ म्हणजे ११.४ मिलिमीटर) रिव्हॉल्व्हर मोरो लढवय्यांना थांबवत नाही अशा तक्रारी आल्या होत्या ना, त्यावरून. ७.६५ ची लुगर होती त्यात, ९ मिलिमीटर होतं, .४५ होतं, .४७६ पण होतं. चाचणी आजच्या नजरेने अगदीच ढिसाळ, नमुने मोजके, पण निष्कर्ष ठाम निघाला की .४५ पेक्षा बारीक काही घेऊ नका. आणि त्या कॅप्टनचं नाव जॉन थॉम्पसन. हो, तोच. ज्याने पुढे टॉमी गन काढली. ज्या माणसाने पिस्तुलाला जाड गोळी हवी असं सहीनिशी सांगितलं त्याच माणसाच्या कंपनीने वीसेक वर्षांत सबमशीनगन बाजारात आणली आणि ती अर्थातच .४५ मध्ये. यापेक्षा सरळ पुरावा मला दुसरा देता येणार नाही.

आता थोडं यंत्राचं बोलू, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुन्या बहुतेक सबमशीनगन साध्या ब्लोबॅकवर चालतात. दाराला कडी नाही, मागे नुसता जड पाटा, म्हणजे बोल्ट, टेकवून ठेवलाय, असं समजा. स्फोट झाला की गोळी पुढे जाते आणि बोल्ट मागे, बोल्ट जितका जड तितका तो सावकाश उघडतो, तोवर गोळी नळीतून बाहेर आणि आतला दाब उतरलेला. त्यामुळे बोल्ट किती जड पाहिजे हे ठरतं गोळीच्या धक्क्यावर, म्हणजे वजन गुणिले वेग. थॉम्पसनची .४५ गोळी १५ ग्रॅमची, वेग २८० मीटर सेकंदाला, गुणाकार ४२००. नऊ मिलिमीटरची ८ ग्रॅम आणि ३७० मीटर, म्हणजे ३००० च्या जरा खाली. लुगरची मूळची ७.६५ घेतली तर ६ ग्रॅम, वेग साधारण तोच, बावीसशे. पावडरच्या गॅसचा वाटा यात धरलेला नाही, पण अंदाजाला एवढं पुरे.

आता दोन हत्यारं शेजारी ठेवा. चेक स्कॉर्पियन, १९६१ ची, पिस्तुलाचंच ७.६५ ब्राउनिंग काडतूस (लुगरच्या ७.६५ पेक्षा वेगळं आणि दुबळं), गोळी पावणेपाच ग्रॅमची आणि वेग जेमतेम ३०० मीटर. धक्का १४०० च्या आसपास. दुसरी बेल्जियमची पी-९०, १९९० ची, गोळी फक्त २ ग्रॅम पण वेग ७१५. गुणाकार करा, १४३०. धक्का तेवढाच! पण ऊर्जा काढली तर स्कॉर्पियनची दोनशे ज्यूलच्या थोडी वर आणि पी-९० ची पाचशेच्या वर, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. म्हणजे खांद्याला बसणारा हिसका सारखा, बोल्टवरचा भार सारखा, आणि समोर जाणारा मार अडीचपट. बारीक आणि वेगवान गोळीचं सगळं गणित यात आलं. शिवाय वजन. नऊ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅम, .४५ चं २१, आणि पी-९० च्या ५.७ बाय २८ चं सहाच्या आसपास, तेव्हा त्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. एका झटक्यात अर्धं मॅगझिन रिकामं करणाऱ्या हत्याराला याहून जास्त काय हवं?

मग १९१८ मध्ये असं का केलं नाही? सोपं आहे, श्मायसरने जर्मनीत बर्गमन कंपनीत एमपी-१८ सबमशीनगन केली तेव्हा लढाई चालू होती, ९ मिलिमीटरच्या गोळ्या कारखान्यातून धडाधड निघत होत्या, लांब नळीच्या लुगरसाठी बनवलेला ३२ गोळ्यांचा गोगलगायीसारखा वळलेला ड्रम तयार होता, तोच तिला लावला. नवं काडतूस काढायला वेळ कोणाकडे होता.

बरं, पहिला फाटा घेऊन बघू. समजा जर्मनांनी १९०४ ते १९०८ मध्ये मान उघडलीच नाही, ७.६५ वरच राहिले. एमपी-१८ मग ७.६५ ची होते. फरक किती पडतो? बोल्ट पाव भागाने हलका, हत्यार काहीशे ग्रॅमने हलकं. एमपी-१८ रिकामी चार किलोच्या वर होती, तिथे हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि हा प्रयोग खऱ्या इतिहासात झालाय बरं का. युद्धानंतर स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीने बर्गमनचीच बंदूक लुगरच्या ७.६५ काडतुसात बनवली, फिनलंडने ती घेतली, आणि मग आइमो लाहतीने सुओमी सबमशीनगनचं पहिलं मॉडेल काढलं, एम-२६, तेही ७.६५ मध्ये. मोजकीच बनली. पुढे जी गाजली ती सुओमी एम-३१, आणि लाहतीने ती सरळ ९ मिलिमीटरमध्ये केली. बारीक काडतूस हातात असताना सोडून दिलं. का सोडलं याची कारणं काहीही असोत, एवढं दिसतं की नुसतं सव्वा मिलिमीटर कमी करून पदरात फार काही पडत नव्हतं. म्हणून हा फाटा मला कंटाळवाणा वाटतो. खरा असता, पण कंटाळवाणा.

रशियाचं जास्त मजेदार आहे, कारण तिथे बारीक कॅलिबरचा इतिहास खरोखरच घडला आणि आपण त्याला पर्यायी इतिहास म्हणून बघतच नाही. यादवी युद्धात माउझरची ७.६३ ची पिस्तुलं तिकडे भरपूर होती, १९३० मध्ये त्याच काडतुसावरून सोव्हिएतांनी ७.६२ बाय २५ घेतलं, टोकारेव पिस्तुलासाठी. साडेपाच ग्रॅमची गोळी, ४९० च्या आसपास वेग. आता मोसिन-नागांत रायफलची नळी पण ७.६२. मग १९४१ मध्ये श्पागिनची पीपीएसएच सबमशीनगन आली तेव्हा काय केलं, रायफलीच्या नळ्या कापल्या, एकीच्या दोन. नळी कापायची, चेंबर (काडतूस बसायची जागा) पाडायचा, बसवायची. ज्या देशाचे कारखाने ट्रेनवर चढवून उरलच्या पलीकडे नेले जात होते त्यांच्यासाठी नळी ओढायचं वेगळं मशीन लागत नाही ही केवढी मोठी गोष्ट! साठ लाखांच्या आसपास पीपीएसएच बनल्या. ९ मिलिमीटर घेतलं असतं तर ही युक्ती चालली नसती. आणि हेच लोक १९३९ च्या फेब्रुवारीत देगत्यारोवच्या पीपीडीचं उत्पादन बंद करून बसले होते, सबमशीनगनची गरजच नाही म्हणून. नोव्हेंबरात फिनलंडशी युद्ध लागलं, जंगलात सुओमीने झोडपलं, की घाईघाईने परत सुरू. ७१ गोळ्यांचा ड्रम पण सुओमीचाच बघून केलेला.

इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा. रशियाने बारीक कॅलिबर घेतलं ते नळीच्या सोयीने. गोळीचा अभ्यास वगैरे करून नाही.

हीच नळीची सोय अमेरिकेनेही आधी एकदा पाहिली होती. १९१७ च्या ऑक्टोबरात रेमिंग्टनच्या जॉन पेडरसनने लष्कराला एक जुगाड दाखवलं, स्प्रिंगफिल्ड रायफलीचा बोल्ट काढायचा आणि त्या जागी हे उपकरण सरकवायचं. रायफल झाली सेमी-ऑटोमॅटिक, ४० गोळ्यांचं मॅगझिन वर तिरकं उभं, गोळी .३० कॅलिबरचीच कारण नळी तीच, पण काडतूस एवढंसं, पिस्तुलाएवढं. पाच ग्रॅमच्या वर थोडी गोळी, चारशेच्या जवळपास वेग. गुप्तता इतकी की कागदोपत्री त्याला १९१८ चं ऑटोमॅटिक पिस्तूल म्हणायचे. १९१९ च्या वसंतातल्या मोठ्या हल्ल्यात हजारो शिपाई चालता चालता गोळ्यांचा पाऊस पाडतील अशी योजना होती. ६५ हजार उपकरणं बनली, साडेसहा कोटी काडतुसं बनली, आणि ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं. पुढे १९३१ च्या सुमारास बहुतेक सगळी जाळून टाकली.

मला विचाराल तर खरा फाटा हा आहे. युद्ध सहा महिने लांबू द्या. एवढंच. कोणाला शहाणं करायची गरज नाही, कोणाला भविष्य दिसायची गरज नाही.

१९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेकडे ७.६५ च्या आसपासच्या हलक्या काडतुसाचा डोंगर आहे, ते वापरलेली माणसं आहेत, आणि ते बनवणाऱ्या मशिनी चालू आहेत. थॉम्पसन त्याच वेळी त्याचं हत्यार घेऊन धडपडतोय. आता खऱ्या इतिहासात त्याची अडचण अशी होती की त्याने ब्लिश लॉक नावाची एक भानगड धरून ठेवली होती, ब्राँझचा एक तुकडा तिरक्या खाचेत बसतो आणि जास्त दाबाला म्हणे चिकटून धरतो. त्याला ऑटोमॅटिक रायफल करायची होती पण रायफलच्या काडतुसांना ते झेपलं नाही, त्या लॉकला मानवलं ते .४५ च. आणि खरी मजा पुढे आहे, १९४२ मध्ये एम-१ थॉम्पसन करताना तो ब्राँझचा तुकडा काढून टाकला, साधा ब्लोबॅक केला, आणि बंदूक तशीच चालली. म्हणजे वीस वर्षं लोक फुकटचं ब्राँझ वागवत होते! माझ्या या न घडलेल्या जगात लष्कर थॉम्पसनला सांगतं की बाबा रे, साडेसहा कोटी पेडरसन काडतुसांतली उरलेली पडून आहेत, त्यात कर. धक्का दोन हजारावर येतो, ब्लिश लॉकची बातच संपते, पाच किलोच्या जवळ जाणारी बंदूक साडेतीन किलोत बसते.

असं काहीसं फ्रान्समध्ये झालं पण. फ्रेंचांचं ७.६५ लाँग हे काडतूस पेडरसनच्या काडतुसाचं जवळजवळ जुळं भावंड, त्यात त्यांनी एमएएस-३८ सबमशीनगन काढली. हलकी, तीन किलोच्या आत, हिसका नाही, नेम छान. पण काडतूस अशक्त आणि जगात दुसरं कोणी ते बनवत नाही. १९४० मध्ये देश पडला तोवर हातात मोजक्याच आलेल्या. युद्धानंतर फ्रेंचांनी निमूट एमएटी-४९ केली, ९ मिलिमीटरची. आणि तीच एमएटी-४९ व्हिएतनाममध्ये हाती लागल्यावर तिथल्या लोकांनी नळी बदलून ७.६२ बाय २५ ची करून घेतली, कारण त्यांना गोळ्या चीन-रशियाकडून येणार होत्या. सगळं कॅलिबरशास्त्र एका बाजूला आणि गोळ्यांची पेटी कुठून येते हे एका बाजूला.

हां, प्रश्न आलाय, की बारीक गोळीने माणूस थांबतो का, लागार्डचं म्हणणं चूक होतं का. चांगला प्रश्न आहे, कारण अमेरिकनांनीच तो परत तपासला. १९२८ मध्ये भूल दिलेल्या डुकरांवर .३०, .२७६ आणि .२५६ अशा तीन रायफल कॅलिबरच्या चाचण्या घेतल्या, त्या मंडळाला पिग बोर्डच म्हणतात. जवळच्या अंतरावर सगळ्यात वाईट जखमा सगळ्यात बारीक गोळीने केल्या, सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. वेगात असलेली बारीक गोळी आत शिरली की आडवी होते, तिथे जाडी गौण ठरते. म्हणजे लागार्डचं म्हणणं मंद गोळीपुरतं ठीक होतं, जाड मंद गोळी बारीक मंद गोळीपेक्षा बरी, यात वाद नाही. वेगवान गोळीला तो नियम लावायचा नव्हता. या चाचण्यांवरून .२७६ ची रायफल जवळजवळ ठरली होती, तीही पेडरसनच्याच, पण दुसऱ्या एका काडतुसाची, आणि १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थरने ती फेटाळली. कारण? लष्कराच्या जुन्या .३०-०६ रायफल काडतुसांचा प्रचंड साठा आणि मंदीचे दिवस.

आता बघा हं, १९२० ते १९३० या काळात अमेरिकन शस्त्रागाराच्या अवतीभवती काय काय होतं. एक, वेगवान बारीक गोळी वाईट नाही हे सांगणारा पिग बोर्डचा अहवाल. दोन, टाउन्सेंड व्हेलेन आणि स्प्रिंगफिल्ड शस्त्रागारातली काही हौशी अधिकारी मंडळी जुनं .२२ चं काडतूस घेऊन खेळत होती, त्यातून .२२ हॉर्नेट झालं, १९३० मध्ये विंचेस्टरने ते बाजारात आणलं, तीन ग्रॅमच्या आसपास गोळी आणि रायफलच्या नळीतून सातशेच्या वर वेग. छोट्या प्राण्यांच्या शिकारीला म्हणून. तीन, पेडरसनची मेण लावलेली काडतुसं. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. लांब बॉटलनेक केस, दाब जास्त आणि बोल्टला पक्कं कुलूप नाही, म्हणजे केस चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि मागून खेचताना फाटते. पेडरसनने त्याच्या रायफलीसाठी केसवर मेणाचा पातळ थर दिला होता. साठ वर्षांनी बेल्जियमच्या एफएन कंपनीने पी-९० च्या काडतुसावर लेप दिला तो याच दुखण्यावर. तिकडे हंगेरीत पाल किराली बोल्ट उशिरा उघडायची तरफ वापरून सबमशीनगन बनवत होता. म्हणजे १९३० च्या दशकात ५.६ मिलिमीटरची, म्हणजे .२२ इंची, सबमशीनगन करायला लागणारा एकेक तुकडा कुठे ना कुठे टेबलावर होता. कोणी एका टेबलावर आणला नाही.

आणि इथे माझीच गोची होते. मी आत्ता पेडरसनचा डोंगर उभा केला ना, साठा आहे म्हणून थॉम्पसनने ते काडतूस घेतलं म्हणून? मग १९३२ मध्ये मॅकआर्थर काय म्हणेल? हेच म्हणेल की साठा आहे, .२२ ची थेरं कशाला. ज्या कारणाने जग .४५ वरून .३० वर आलं त्याच कारणाने ते .३० वर रुतून बसतं. पर्यायी इतिहास लिहिणारे हे विसरतात, साठा हा काही कोणाचा मित्र नाही.

मग अजून खाली उतरायचं तर दुसरा रेटा हवा, आणि तो एकच आहे, चिलखत. समोरचा माणूस बदलला पाहिजे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी खंदकातल्या पहारेकऱ्यांना स्टीलचं चिलखत दिलंच होतं, झापेनपान्झर, जड होतं म्हणून धावताना उपयोग नाही. अमेरिकेसाठी चिलखतांचं डिझाइन कोण करत होतं माहीत आहे? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा शस्त्र-चिलखत विभागाचा प्रमुख, बॅशफर्ड डीन. संग्रहालयातला माणूस, मध्ययुगीन चिलखतांचा जाणकार, आणि २० व्या शतकातल्या शिपायाचं माप घेतोय. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हल्लेखोर इंजिनियर तुकड्यांकडे एसएन-४२ नावाचं छातीवरचं पत्र्याचं चिलखत होतं, २ मिलिमीटर स्टील, काही अंतरावरून जर्मन एमपी-४० सबमशीनगनची ९ मिलिमीटर गोळी ते अडवायचं. स्टालिनग्राडसारख्या गल्लीबोळातल्या लढाईत, जिथे सबमशीनगनचंच राज्य, तिथे हे.

आता हे चिलखत १९४० च्या दशकाऐवजी तिशीत पसरलं असतं तर? १९१९ चा तो लांबलेला हल्ला डीनच्या चिलखतात झाला, त्यातून माणसं वाचली, आणि युरोपातल्या प्रत्येक सैन्याने दोन मिलिमीटरचा पत्रा छातीवर घेतला, असं धरा. मग जाड मंद गोळी एका रात्रीत निरुपयोगी, साठा कितीही असो. साठा तेव्हाच फेकला जातो जेव्हा तो चालतच नाही. खऱ्या इतिहासात हुबेहूब हेच झालंय, फक्त ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. सोव्हिएत छत्रीधारी सैनिकांकडे बॉडी आर्मर येतंय म्हणून नाटोने १९८९ मध्ये नव्या छोट्या हत्याराची मागणी लिहिली, टार्गेट ठरवलं १.६ मिलिमीटर टायटॅनियम आणि मागे केव्हलार या चिवट कापडाचे २० थर, आणि त्यातून बेल्जियमचं ५.७ आणि जर्मनीचं ४.६ आलं. वर्षानुवर्षं दोघांचं भांडण, ५.७ ला नाटोचं प्रमाणपत्र मिळायला २०२१ उजाडलं. डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई प्रयोगशाळेने पण ५.५६ बाय ३० चं काडतूस घेऊन छोटी कार्बाइन (आखूड रायफल) केली, जेव्हीपीसी, मॅगझिन मुठीत, गॅसवर चालणारी. सगळ्यांचं कारण तेच, समोरच्याच्या अंगावर काय आहे.

तर माझ्या जगात १९३८-३९ पर्यंत दोन-तीन सैन्यांकडे ५.६ मिलिमीटरची, मेणाच्या काडतुसाची, तीन किलोची बंदूक आहे, पल्ला दीडशे-दोनशे मीटर. छान वाटतं. आता त्रास ऐका.

पहिला त्रास पाणी. बारीक नळीत पावसाचं पाणी शिरलं की ते आपलं आपण ओघळत नाही, धरून बसतं, आणि त्यावर गोळी मारली तर नळी फुगते किंवा फुटते. सुरुवातीच्या एम-१६ या अमेरिकन रायफलीला हे भोगावं लागलं. तिशीतले प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) गंज आणणारे, बारीक नळी साफ करायला बारीक गज, आणि चिखलात बसलेला शिपाई. अमेरिकन नौदलाने १८९५ मध्येच .२३६ ची ली रायफल घेऊन पाहिली होती, थोड्याच वर्षांत सोडली.

दुसरा त्रास जास्त मोठा. लांब बारीक भोक सरळ पाडणं आणि त्यात रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरवणारे पीळ, काढणं तेव्हाच्या मशिनींना जाड भोकापेक्षा खूप अवघड होतं. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी स्टेन काढली, पाइप, स्प्रिंग, वेल्डिंग, सायकल दुरुस्तीवाल्यानेही जोडावी अशी, युद्धभर चाळीस लाखांच्या घरात बनली. ती ९ मिलिमीटर होती म्हणून बनली. मंद गोळी, दाब कमी, नळीच्या मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. ५.६ ची स्टेन असूच शकत नाही. आणि स्टेन नाही म्हणजे व्याप्त युरोपातल्या भूमिगतांकडे काही नाही, कारण त्यांना स्टेन आवडायची ती जर्मनांच्याच गोळ्या खायची म्हणून. पकडलेल्या शिपायाच्या खिशातली काडतुसं थेट मॅगझिनमध्ये. माझ्या जगात तेही गेलं. सायलेन्सर लावलेली स्टेन पण गेली, दोन-तीन ग्रॅमची गोळी ध्वनीच्या वेगाखाली आणली तर उरतं काय? साधं .२२.

साध्या .२२ वरून आठवलं, ते पण कोणीतरी करून ठेवलंय. अमेरिकन-१८०, वर १७७ गोळ्यांची थाळी, मिनिटाला १२०० चा वेग, आणि लेझर साइट लावून तुरुंगांच्या पहारेकऱ्यांना विकायचे. एकेक गोळी फालतू पण एकाच जागी पन्नास पडल्या की भिंत पोखरते. मला हे हत्यार मनापासून आवडतं, उपयोग फारसा नसला तरी.

मग दुसऱ्या महायुद्धात काय बदललं असतं? माझा अंदाज असा की पीपीएसएच आणि एमपी-४० यांच्या संख्येच्या निम्म्याही या बंदुका बनल्या नसत्या. महागड्या, निवडक तुकड्यांसाठी. पण असॉल्ट रायफल, म्हणजे सबमशीनगन आणि रायफल यांच्या मधल्या हत्याराची गोष्ट मात्र उलट्या दिशेने लिहिली गेली असती. खऱ्या इतिहासात रायफलचं काडतूस आखूड होत होत खाली आलं, जर्मनांचं ७.९२ कुर्झ, मग सोव्हिएतांचं ७.६२ बाय ३९. माझ्या जगात सबमशीनगन वाढत वाढत वर गेली असती, केस पाच मिलिमीटर लांब कर, अजून थोडी कर, आणि १९५० पर्यंत सगळे ५.६ वरच भेटले असते. हे अगदीच हवेत नाही बोलत मी. एम-१ कार्बाइन घ्या, साठ लाखांवर बनली, ७.६२ ची, अडीच किलोच्या आत. १९५३ मध्ये अ‍ॅबरडीनला अमेरिकन लष्कराच्या चाचणीतळावर गुस्टाफसनने तीच कार्बाइन .२२ ची करून दाखवली, वेग नऊशे मीटरच्या वर. साठीत मेल्विन जॉन्सनने तिच्याच केसची मान आवळून .२२ स्पिटफायर काढलं. दोन्ही बाजूला पडलं, पण एम-१६ च्या काडतुसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुस्टाफसनची ती कार्बाइन उभी आहे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं उशिरा ते घडलंच, सबमशीनगन हे नाव न घेता.

शेवटचा प्रश्न घेऊ. हो, बोला. की बारीक इतकं चांगलं तर ९ मिलिमीटर अजून मेलं का नाही. अहो मरायचं कशाला? २०१९ मध्ये अमेरिकन लष्कराने अंगरक्षकांसाठी छोटी सबमशीनगन घेतली, स्विस बी अँड टीची, ९ मिलिमीटर. डीआरडीओच्या साथीने २०२१ मध्ये अस्मी आली, ती पण ९ मिलिमीटर, आणि ५.५६ बाय ३० घरात असताना. कारण पोलीस आणि अंगरक्षक यांच्यासमोर चिलखत घातलेला माणूस क्वचित येतो, सायलेन्सर हवा असतो, आणि सरावाच्या गोळ्या हजारोंनी लागतात त्या पिस्तुलाच्याच पेटीतून काढता येतात. लुगरने मान उघडली ती चांगलीच उघडली म्हणायची. चला, ड्रम आणि मॅगझिनबद्दल कोणाला विचारायचं असेल तर पुढे या, तिथे चित्रं ठेवलीयत.